ठिपकीच्या पोटातले दोरे

"भोक काय, कोणीही पाडतं. काठ बांधता यायला हवा."

काजमावशीचं हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. कोणाच्या घरी भांडण पेटलं, कोणी दार आपटून निघून गेलं, कोणी चारचौघांत नको ते बोलून बसलं, की मावशी सुईत दोरा ओवता ओवता हेच म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारी फार खोलातलं बोलतेय. ती बोलत होती आपल्या कामाबद्दल. शर्टाच्या पट्टीवर कात्रीच्या टोकानं चीर पाडायची आणि मग त्या चिरेच्या दोन्ही काठांना एकाला एक खेटून दाट टाके घालत जायचं. मग बटण हजार वेळा आत-बाहेर झालं तरी कापड उसवत नाही. त्याला काज म्हणतात. मावशीनं चाळीस वर्षं काजंच केली. शर्ट कोणी बेतला, कोणी शिवला, कोण घालून मिरवणार, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिच्या वाट्याला यायची ती फक्त पट्टी आणि पट्टीवरच्या सहा चिरा. खरं नाव तिला होतं, पण ते हाक मारून मारून झिजायला हवं तसं झिजलंच नाही, कोऱ्या भांड्यासारखं कुठंतरी पडून राहिलं. शेजारचे कंपौंडर तिच्याहून दोन वर्षांनी मोठे, तेसुद्धा मावशीच म्हणायचे.

गल्लीच्या शेवटच्या टोकाला तिची एक खोली. रस्त्याकडे खिडकी, मागच्या अंगणात उघडणारं दार. खिडकीशी टेबल, टेबलाशी खुर्ची, खुर्ची एकच. कोणी आलंच तर त्यानं पत्र्याच्या ट्रंकेवर बसायचं, आणि ट्रंक अशी गार असायची की बसणारा घटकाभरात उठायचा. दर तिसऱ्या दिवशी शिंपीमास्तर सायकलवरून शर्टांचं गाठोडं आणून द्यायचे आणि झालेलं घेऊन जायचे. मधले दोन दिवस मावशीच्या तोंडून शब्द निघायचा तो कोंबड्यांसाठीच.

बारा वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा ती मास्तरांच्या दुकानात, दोन शिलाई मशिनींच्या मध्ये स्टूल टाकून बसायची आणि राहायची भावाच्या घरी. मग छातीचं दुखणं निघालं. आठ महिने ती गावाबाहेरच्या इस्पितळात होती. परत आली ती ठणठणीत होऊन, डॉक्टरांचा तसा कागद घेऊन. पण दुकानात तिचं स्टूल मशिनींच्या मधून उचलून दाराशी नेऊन ठेवलेलं होतं. कोणी काही बोललं नाही. भावाच्या घरी तिचा पेला वेगळ्या फळीवर पालथा घातलेला होता. तिथंही कोणी काही बोललं नाही. मावशीनंही विचारलं नाही. आठवड्याभरात तिनं ही खोली बघितली आणि मास्तरांना निरोप धाडला, "यापुढं काम घरी पाठवा."

"मला कोणी हाकललं नाही हं," ती सांगायची. "मीच निघाले." आणि हे सांगताना मान अशी ताठ करायची की पुढचं विचारायची कोणाची हिंमत व्हायची नाही.

अंगणात पत्र्याचं छप्पर घातलेलं, जाळी मारलेलं खुराडं होतं. त्यात रात्री बसायला एक आडवी काठी, आणि सात कोंबड्या. त्यांतली सगळ्यात थोराड, तांबडी, मानेवर पिसं फुलवून चालणारी ती सासूबाई. दाणे पडले की आधी तिनं खायचं, मग बाकीच्यांनी. दुसरी ठिपकी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, जणू कोणी खडूची पूड झटकलीय. उरलेल्या पाचजणींना नावं नव्हती, कारण त्या कधी एकेकट्या सापडायच्याच नाहीत.

संध्याकाळी काम आवरलं की मावशी टेबलाखालचे दोऱ्यांचे तुकडे झाडून अंगणात लोटून द्यायची. दोरा तो काय, मातीत मिळून जाईल. कोंबड्या धावत यायच्या, किडे समजून दोऱ्यांवर चोच मारायच्या, आणि मावशी दारात उभी राहून हसायची. "खुळ्या गं खुळ्या! फसलात ना?"

बारा वर्षं ती अशी हसली.

एका सकाळी सहाजणी दाण्यांवर तुटून पडल्या आणि ठिपकी भिंतीशी उभीच राहिली. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. मावशीनं तिला उचललं. हाडं हाताला लागत होती, पण गळ्याखाली, जिथं कोंबडी खाल्लेले दाणे साठवते तिथं, लिंबाएवढा टणक गोळा होता. उपाशी कोंबडीचा गळा भरलेला! मावशी तशीच ठिपकीला पदराखाली घेऊन भिंतीपलीकडे गेली.

कंपौंडर जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवसभर पायरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारायचे, हातात घड्याळ असून.

त्यांनी गोळा चाचपला. "रात्रभरात ही पिशवी रिकामी व्हायला हवी. हिची तुंबलीय. काय खाल्लं हिनं?"

"जे सगळ्यांनी खाल्लं तेच."

"डॉक्टर काही कोंबडीसाठी यायचे नाहीत. म्हशीसाठी येतात ते. कोंबडी म्हटलं की सांगतात, पातेल्यात घाला."

"तुमच्या डॉक्टरांनाच घाला म्हणावं पातेल्यात."

"शिजायचे नाहीत ते," कंपौंडर गंभीरपणे म्हणाले. "तेल पाजा. गोळा हलक्या हातानं चोळा. दोन दिवस बघू."

दोन दिवस मावशीनं काम बाजूला सारलं. चमच्यानं चोचीत तेल सोडायचं आणि बोटांनी गोळा चोळत बसायचं. बोटं सुईला सरावलेली, कापडाच्या विणीतला एक धागा जाड असला तरी त्यांना कळायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बोटांना गोळ्यात काहीतरी ओळखीचं लागलं. दाणे नव्हते. काहीतरी पिळाचं होतं, गुंतलेलं होतं. मावशीचा हात थांबला. तिनं टेबलाखाली बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि ठिपकीला तशीच घेऊन ती अंगणात आली.

"कंपौंडर," तिनं भिंतीवरून हाक मारली, "दोरे आहेत हो. माझेच आहेत."

कंपौंडर आले. त्यांनी गोळा पुन्हा चाचपला. "मग आता कापावं लागेल," ते म्हणाले. "आधी वरची कातडी, मग आतली पिशवी. गोळा काढायचा आणि दोन्ही वेगवेगळी शिवायची. बधिर करायचं औषध आणतो मी दवाखान्यातून. पण मावशी, हे बघा." त्यांनी उजवा हात पुढे धरला. बोटं वाऱ्यातल्या पानासारखी हलत होती. "चीर कशीबशी पाडेन. टाका माझ्यानं पडायचा नाही."

मावशीनं त्यांच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "भोक तुम्ही पाडा," ती म्हणाली. "काठ मी बांधते."

खिडकीतल्या टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं. सगळ्यात बारीक सुई आणि रेशमी दोरा पाण्यात उकळला. ठिपकीला टॉवेलात गुंडाळलं, तोंडावर फडकं टाकलं. कंपौंडरांनी गळ्यावरची पिसं उपटली, औषध टोचलं, श्वास रोखला आणि बोटभर चीर पाडली. मग चिमट्यानं ते ओढत राहिले. लोकरीची गुंडी निघावी तसा ओला गोळा निघाला.

मावशीनं तो बशीत घेतला. आकाशी दोरा शाळेच्या शर्टांचा, मळखाऊ खाकी पहारेकऱ्यांच्या सदऱ्यांचा. हा मरून रंग बँडवाल्यांच्या कोटांचा, ते काम तर गेल्या वर्षीचं. पांढरा तर किती! तिचं सगळं वर्ष त्या बशीत होतं. इतक्या वर्षांत आपलं काम असं एकत्र तिनं प्रथमच पाहिलं, आणि पाहिलं ते असं.

"मावशी," कंपौंडर हळू म्हणाले, "रडायचं मागून. आधी शिवा."

तिनं शिवलं. आतल्या पिशवीला नऊ टाके, कातडीला सात. कंपौंडर दिवा धरून वाकून बघत होते. शेवटची गाठ बसल्यावर ते म्हणाले, "तीस वर्षांत असा टाका मी दवाखान्यात पाहिला नाही. आमचे डॉक्टर पोतं शिवल्यासारखं शिवायचे."

"ऐकलं हो ठिपके," मावशी म्हणाली. "तू कोट झालीस."

पुढचे दिवस मात्र जिवाला घोर लावणारे होते. टोपलीत जुनी चादर घालून ठिपकीला टेबलाजवळ ठेवलं. पहिल्या दिवशी ती नुसती पडून होती. मावशी काज करायची, दोन टाके झाले की टोपलीत बघायची, पुन्हा दोन टाके. दुसऱ्या दिवशी ठिपकीनं पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी दुधात कालवलेला पाव खाल्ला, तोही मावशीच्या बोटावरून. टाके टोचून काढू नयेत म्हणून मावशीनं तिला लाल अस्तराचं एक झबलं शिवलं, पाठीवर दोन बटणं, बटणांना रीतसर काजं. सातव्या दिवशी ठिपकी टोपलीतून उतरली, खोलीभर फिरली, ट्रंकेवर चढून बसली. ट्रंक गार लागल्याची तक्रार तिनं केली नाही.

आणि मग तिला मांडीची सवय लागली. मावशी खुर्चीत बसली की ही टुणकन वर. शर्टाची पट्टी ठिपकीच्या पाठीवर पसरून मावशी काजं करायची. खालून ऊब यायची, बारीक कुरकुर यायची. मावशी बोलायला लागली. भावाबद्दल बोलली, पालथ्या पेल्याबद्दल बोलली. "धुतलेला होता गं तो. स्वच्छ होता. पण वेगळा होता." ठिपकी एक डोळा उघडायची, मिटायची.

दोऱ्यांचे तुकडे आता ती एका जुन्या डब्यात टाकत होती, झाकण घट्ट लावून.

पंधराव्या दिवशी कंपौंडरांनी टाके बघितले. "जखम भरली. आता खुराड्यात सोडा हिला. जितके दिवस लावाल तितकं जड जाईल."

"सोडते की. उद्या."

उद्या वारा होता. परवा ठिपकी नीट खात नव्हती, असं मावशीला वाटलं. तेरवा मास्तरांचं काम तुंबलं होतं. चौथ्या दिवशी सबबी संपल्या, तेव्हा मावशीनं ठिपकीचं अंग पुसलं, झबल्याची बटणं नीट लावली आणि भरदुपारी तिला खुराड्यात ठेवून दार लावलं. लेकीची पाठवणी करावी तशी.

सहाही कोंबड्या स्तब्ध झाल्या. माना लांब करून त्यांनी त्या लाल, गळ्यावर पिसं नसलेल्या प्राण्याकडे बघितलं. सासूबाईची मानेवरची पिसं उभी राहिली. आणि मग जे झालं ते इतकं झपाट्यानं झालं, की मावशीला कडी काढता येईना. ठिपकीला कोपऱ्यात दाबून सगळ्याजणी टोचत होत्या. मावशीनं हात घालून तिला ओढून काढलं तेव्हा तुऱ्यातून रक्त येत होतं आणि मावशीच्याही मनगटावर चोची उमटल्या होत्या.

"अहो, झबलं घालून पाठवलीत?" कंपौंडरांनी कपाळावर हात मारला. "त्यांना वाटलं, कोण कुठली बया आली. माणूस कपड्यांवरून ओळखतं, कोंबडी अंगावरून ओळखते."

"त्यांची रोजची होती ती! तीन वर्षं एका काठीवर झोपल्या!"

"तीन आठवडे नव्हती ना. त्यांच्या हिशेबी ती मेली. तिची जागा दुसरीनं घेतली. आता नव्यानं जागा मागायला लागणार."

मावशी कापूस लावता लावता म्हणाली, "कोंबड्या बऱ्या. निदान तोंडावर टोचतात. माणसं स्टूल सरकवतात."

कंपौंडरांना स्टुलाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुराड्याच्या कोपऱ्यात आडवी जाळी बांधली, दोन हात जागा वेगळी केली. ठिपकी जाळीच्या आत, बिनझबल्याची, बाकीच्या बाहेर. दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगत. "एकमेकींना बघत जेवू द्या. चार दिवसांत डोळ्याला सवय होते. मग संध्याकाळी अंधारताना हिला काठीवर त्यांच्या शेजारी बसवायची. काळोखात कोंबडी भांडत नाही. सकाळी उठल्या की वाटतं, ही तर होतीच."

चार दिवस झाले. सहा झाले. सासूबाई जाळीवर चोच आपटायची ती आपटतच होती. कंपौंडर चक्रावले. सातव्या दिवशी संध्याकाळी ते भिंतीवरून डोकावले आणि त्यांना कोडं उलगडलं. मावशी जाळीतून ठिपकीला काढून, पदराखाली झाकून खोलीत नेत होती.

"मावशी!"

मावशी दचकली. "गारठा असतो हो रात्री. सकाळी ठेवते ना परत."

"रोज?"

मावशीनं पदर आणखी ओढून घेतला.

"म्हणजे ती रोज सकाळी नव्यानंच येतेय," कंपौंडर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "कोंबडी बरी झालीय, मावशी."

ते आत निघून गेले. मावशी तशीच दारात उभी राहिली. पदराखाली ठिपकीचं काळीज टिकटिक करत होतं. खोलीत खुर्ची होती, टेबल होतं, शांतता होती. बारा वर्षांत तिचा कधी त्रास झाला नव्हता, आता होणार होता. मावशी अंगणात आली. ठिपकीला तिनं जाळीत ठेवलं आणि मागं न बघता दार लावून घेतलं. ठिपकी ओरडली. बराच वेळ ओरडली. मावशीनं सुईत दोरा ओवला, तो तीनदा चुकला.

त्याच आठवड्यात मास्तर गाठोडं घेऊन आले ते लंगडत. ट्रंकेवर बसले, लगेच उठले. "मावशी, गुडघ्यानं दावा मांडलाय. सायकल आता बंद. तुम्ही दुकानात येऊन बसत जा ना. पहिल्यासारखं."

मावशीनं सुई खाली ठेवली. बारा वर्षं जीभ ज्याच्याभोवती फिरून परतत होती ते तिनं विचारलं. "माझं स्टूल दाराशी का ठेवलं होतंत तुम्ही?"

मास्तर गोंधळले. "कुठलं स्टूल?"

"इस्पितळातून आले तेव्हा."

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. डोकं खाजवलं. "दाराशी उजेड असतो म्हणून असेल. तुमची नजर अधू झाली असेल, हवा मिळावी... नाही तर मशीनवाल्या दोघींपैकी कोणी ठेवलं असेल. त्या आता नाहीत कोणी. मावशी, खरं सांगू? मला आठवतच नाही."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. माणूस खोटं बोलत नव्हता. जे तिनं बारा वर्षं रोज उराशी धरलं, ते त्याच्या डोक्यातून कधीच पुसलं गेलं होतं.

"गाठोडं ठेवा," ती म्हणाली. "बघते."

चार दिवसांनी, उजेड सरत आला असताना, कंपौंडरांनी जाळी सोडली आणि मावशीनं ठिपकीला काठीवर ठेवलं. कडेला नाही, दोघींच्या मध्ये. सासूबाईनं घशातून एक आवाज काढला. बाकीच्या हलल्या, सरकल्या, पुन्हा टेकल्या. सात आकृत्या एका ओळीत काळ्या झाल्या आणि त्यांतली ठिपकी कुठली ते कळेनासं झालं. मावशी डोळे ताणून शोधत होती. "चला," कंपौंडर म्हणाले. "आता त्यांचं त्या बघतील."

सकाळी उजाडताच मावशी खुराड्याशी. सासूबाईनं ठिपकीच्या डोक्यावर एक टोच मारली. ठिपकी खाली वाकली, दोन पावलं मागं झाली आणि मग सगळ्यांत शेवटी दाणे टिपायला लागली. दुसरी टोच पडली नाही. एवढाच समारंभ.

पुढचे दोन दिवस मावशी अंगणात खुर्ची टाकून बसली, मांडीवर शर्टाची पट्टी घेऊन. तिनं हाक मारली, बोटावर पाव धरला. पहिल्या दिवशी ठिपकीनं मान वळवून बघितलं. दुसऱ्या दिवशी तेही नाही. ती धूळ उडवत होती, दुसऱ्या एकीच्या अंगाला अंग लावून. गळ्यावर नवी पिसं उगवत होती आणि टाके कुठं होते ते आता मावशीलाही दिसत नव्हतं. चांगला टाका असाच असतो, पुढं तो दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी मावशीनं झालेल्या शर्टांचं गाठोडं बांधलं. सुयांची डबी घेतली, कात्री घेतली. खुर्चीवरची चपटी उशी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि काखेत मारली. दाराला कुलूप लावलं.

कंपौंडर पायरीवर होते. "किती वाजले हो, मावशी?"

"तुमच्या हातात आहे ना घड्याळ?"

"ते खरंच. निघालात कुठं?"

"स्टूल कुठं ठेवलंय बघून येते."

कंपौंडरांना अजूनही स्टुलाचं काही माहीत नव्हतं. ते नुसते उठून उभे राहिले. मावशी गल्लीतून चालू लागली, हळू, मान ताठ, काखेतली उशी घसरली की कोपरानं वर ढकलत. मागं वळून न बघताही तिला कळत होतं की पायरीवरून कोणीतरी बघतंय, वळणापर्यंत बघत राहणार आहे. मागच्या अंगणात खुराडंही होतं. पण तिथून तिच्याकडे कोणी बघितलं नाही. तिथं सातहीजणी खाली माना घालून टिपत होत्या.